याकोबसाठी घेतलेली लेन्स

डिसेंबर लागला की मला एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमच्या मुलीकडून आला. ती पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसात नाताळाला चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत आहे, आणि तिच्या चिठ्ठीत निघालेल्या माणसाला फोटोग्राफीचा नाद आहे. 'काका, तुम्ही एवढे फोटो काढता, सांगा ना, त्याला काय देऊ?'

मी तिला सविस्तर लिहून पाठवलं. कॅमेऱ्याचं चित्र असलेला कप देऊ नकोस, तसले चार कप त्याच्याकडं आधीच असतील. फोटोफ्रेम देऊ नकोस, फोटो काढणारा माणूस फ्रेमच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकत नाही. जादा बॅटरी दे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, एखाद्या पहाटे तो तुझी आठवण काढेल. धूळ उडवायचा रबरी फुगा आणि मऊ कापड दे. आणि काही झालं तरी लेन्स देऊ नकोस.

शेवटचं वाक्य लिहून मी खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

'लेन्स का नको?' तिनं विचारलं.

'लेन्स ज्याची त्यानं डोळ्याला लावून घ्यावी,' मी उत्तर दिलं. उत्तर खरं होतं, आणि त्यात मी कुठंही सापडत नव्हतो.

धाराशिवचा डिसेंबर कोरडा असतो. बालाघाटावरून येणारं वारं अंगाला कापत जातं. ओठ फुटतात, टाचा फुटतात. शिवारात ज्वारी निसवलेली असते, तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळतात, आणि मोकळ्या माळावर लांबच्या मुलखातून आलेले भोवत्या पक्षी जमिनीला घासून उडत असतात. फोटो काढणाऱ्याला याहून चांगला महिना नाही. हवा स्वच्छ, ऊन तिरपं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. या दिवसांत धुरकट फोटो येण्याचं काहीच कारण नसतं.

काही वर्षांपूर्वी याकोबचे मात्र यायला लागले. त्याचं कारण मला ठाऊक होतं.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. याकोब साळवे आमच्या प्रयोगशाळेत परिचर होता. प्रात्यक्षिकाच्या आधी टेबलं मांडायची, तारा जोडायच्या, भिंगं पुसून जागच्या जागी ठेवायची, हे त्याचं काम. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला सर म्हणायचा. याचं दोघांनाही कधी काही वाटलं नाही. निदान मला तरी वाटलं नाही. भिंग धरायची त्याची एक रीत होती. कडेनं, दोन बोटांत, श्वास रोखून. मी दरवर्षी पोरांना सांगायचो, 'भिंग कसं धरायचं ते याकोबकडून शिका.' एवढं कौतुक मला परवडत होतं.

आमची रविवारची एक मंडळी होती. मी, दाताचे डॉक्टर बिराजदार, आणि आणखी दोघंतिघं. पहाटे गाडी काढायची, कधी येडशीच्या रामलिंगाकडं, कधी जळकोटच्या माळावर, कधी परंड्याच्या किल्ल्यात. याकोब पहिल्यांदा आला तो माझा ट्रायपॉड उचलायला. वर्षभर त्यानं तो उचलला. मग मी नवा कॅमेरा घेतला आणि जुना त्याला देऊन टाकला, सोबतच्या छोट्या लेन्ससकट. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. त्या दिवशी मी फार भला माणूस होतो. आठवडाभर मला स्वतःचं कौतुक पुरलं.

छोट्या लेन्सनं लांबचं काही टिपता येत नाही. लांबचं जवळ आणता येत नसेल तर आपणच जवळ जायचं, एवढाच मार्ग उरतो. याकोब तसा जायचा. आम्ही गाडीच्या आडोशानं भल्यामोठ्या लेन्सा रोखून बसायचो, आणि तो मात्र बोरीच्या जाळीमागं पालथा पडलेला असायचा, तास तास. मेंढपाळांशी त्याची ओळख झाली. कुत्री त्याच्यावर भुंकायची थांबली.

आणि जळकोटच्या माळावर त्यानं तो फोटो काढला.

उतरतं ऊन. डावीकडं मेंढपाळाचा कुत्रा, उजवीकडं लांडगा. दोघांत दहा पावलांचं अंतर. कुणी गुरगुरत नाही, कुणी पळत नाही. दोघं एकमेकांना बघताहेत, जुनी ओळख असावी तसे. आणि मधोमध, जरा मागं, पाठमोरा मेंढपाळ वाऱ्याला आडोसा करून बिडी पेटवतोय. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात, संगणकाच्या पडद्यावर, आम्ही सगळ्यांनी तो फोटो एकदम पाहिला. कुणी बोलेना. तीस वर्षं मी कॅमेरा धरतोय, माझ्या एकाही फोटोसमोर माणसं अशी गप्प झाली नव्हती. 'छान', 'वा सर', 'काय रंग आलाय' असं काही ना काही लगेच कानावर यायचं. मग डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, 'ओ सर, आता शिकवणी तुमीच याकोबकडं लावा की!'

सगळे हसले. मीही हसलो. याकोब तेवढा हसला नाही. तो कावराबावरा होऊन म्हणाला, 'असं कसं डॉक्टर, कॅमेरा सरांचाच हाय.'

पंधरा दिवसांत प्राचार्यांनी तो फोटो मोठा करून कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर लावला. तिथं आधी नळदुर्गच्या किल्ल्यातला, पाणी कोसळतानाचा माझा फोटो होता. तो स्टाफरूममध्ये कपाटाच्या मागं गेला. जागा नव्हती, दुसरं काही कारण नव्हतं. मी रोज सकाळी त्या लांडग्यासमोरून वर्गावर जायचो. पोरं थांबून बघायची. 'सर, हा आपल्या याकोबमामांनी काढलाय?' मी म्हणायचो, 'हो.' आणि वर जोडायचो, 'नशीब लागतं.'

मत्सर हा शब्द तेव्हा माझ्या मनात आलाच नाही. शिकलेल्या माणसाकडं त्याऐवजी वापरायला खूप शब्द असतात. मी म्हणायचो, त्याला तंत्र कळत नाही. त्याचा पाया कच्चा आहे. एका फोटोवरून काय ठरतं?

नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टरांनीच विषय काढला. दर नाताळाला आम्ही सगळे याकोबच्या घरी जेवायला जायचो. त्याची बायको मार्था रस्सा असा करायची की डॉक्टर मिटक्या मारत मारत कानडीत बोलायला लागायचे. आणि आम्ही काय न्यायचो? कॅलेंडर. फार तर मिठाईचा पुडा. 'यंदा आपण सगळे मिळून त्याला लांबची लेन्स घेऊ,' डॉक्टर म्हणाले. 'एवढ्याशा लेन्सवर त्यानं लांडगा मारला. मोठी मिळाली तर काय करंल!' नवी झेपण्यासारखी नव्हती, म्हणून वापरलेली घ्यायची ठरली. सगळ्यांनी वर्गणी काढली. लेन्स निवडायला सोलापूरला कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. प्रकाश, भिंग, किरणांचं वक्रीभवन हे शिकवण्यात ज्याची हयात गेली तोच जाणार.

सोलापूरच्या त्या जुन्या दुकानात एक म्हातारे चाचा बसायचे. मी हवी ती लेन्स सांगितली. त्यांनी आतून दोन आणून काउंटरवर ठेवल्या, एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या.

'ये लेव साब,' त्यांनी पहिली पुढं केली. 'नागपूरच्या एका साहेबांची. कपाटातून जास्त बाहेर निघालीच न्हाई.'

मी ती माझ्या कॅमेऱ्याला लावून दुकानाच्या दारात उभा राहिलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक पारवा बसला होता. त्याच्या डोळ्याभोवतीचं तांबडं कडं मला दिसलं. मानेवरची हिरवी झाक पीस न् पीस दिसली. मी कॅमेरा खाली घेतला. ही लेन्स त्याच्या हातात गेली की मग मी कोण? रविवारी त्याचा ट्रायपॉड उचलणारा.

'आणि ही?' मी दुसरीकडं बोट केलं.

'ती नको. मुंबईची हाय, समुद्राकाठची. आत बुरशी धरलीय.' चाचांनी छोटी बॅटरी पेटवून काचेवर तिरपा उजेड टाकला. आतल्या भिंगावर बारीक पांढरे धागे पसरलेले होते, कोळ्यानं नुकतं जाळं विणायला घ्यावं तसे. 'सरळ बघितलं तर कळत न्हाई. पण फोटोवर धूर बसतो. ऊन समोरून आलं की संपलं. ही मी विकत न्हाई, खोलून सुट्या भागांसाठी ठेवलीय.'

मी समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं की ते सगळं एका क्षणात घडून गेलं. एका क्षणात काही घडलं नाही. चहा गरम होता. मी तो बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायलो. मग परत येऊन म्हणालो, 'चाचा, ही बुरशीवालीच द्या. कॉलेजात पोरांना दाखवायचीय, भिंग खराब झालं की काय होतं ते.'

'हां, शिकवायला पाहिजे तर बराबर हाय,' चाचा म्हणाले. त्यांनी ती मला जवळजवळ फुकटच दिली. उरलेल्या वर्गणीतून मी तिथंच एक झकास काळी बॅग घेतली, आतून मखमली, कप्प्याकप्प्यांची. भेट एकदम भरघोस दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, 'सर, तुमच्याशिवाय हे जमलं नसतं.'

नाताळचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. याकोबच्या दारावर कागदाची चांदणी टांगलेली. प्रार्थनेहून आलेली माणसं गल्लीत एकमेकांना भेटताहेत, नव्या कपड्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. आत करंज्यांचा, शिजणाऱ्या मटणाचा आणि फिनेलनं पुसलेल्या फरशीचा वास. डॉक्टरांनी चार शब्द बोलून बॅग त्याच्या पुढ्यात ठेवली. याकोबनं चेन ओढली, आत बघितलं आणि उठून मोरीकडं गेला. आम्हाला कळेना काय झालं. तो साबणानं हात धूत होता. कोरड्या पंच्यानं बोट न् बोट पुसून तो परत आला आणि मग त्यानं लेन्स बाहेर काढली. कडेनं, दोन बोटांत.

मार्था दाराशी उभी होती. ती मला म्हणाली, 'सर, तुमी ह्यांना मानसात आनलं बगा.'

जेवणाआधी याकोबनं प्रार्थना केली. डोळे मिटून त्यानं आमची एकेकाची नावं घेतली. माझं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं आणि माझ्यासाठी तो सगळ्यांत जास्त वेळ बोलला. माझं आयुष्य वाढू दे, माझ्या घरात आजार न येवो, माझ्या हाताला यश येवो. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी माझे उघडे ठेवून त्याचा चेहरा बघत होतो. मला लाज वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. वाटली नाही. कित्येक महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. मी रस्सा दोनदा मागून घेतला.

मग जानेवारी आला, फेब्रुवारी आला. हुरडा संपला, करडई काटेरी झाली. दर रविवारी याकोब ती लेन्स लावून माळावर उभा राहायचा. भोवत्या यायचा, त्याच्या समोरून जायचा, आणि फोटोत धूर यायचा. पिसं नाहीत, डोळा नाही, नुसता करडा फराटा. तो मागं सरकायचा, पुढं सरकायचा, गुडघ्यावर बसायचा. आधी तो तास तास पडून राहून एक फोटो काढायचा. आता शंभर काढायचा आणि शंभर पुसायचा. त्याचं ते पालथं पडणं, जवळ जाणं सुटलं. कशाला जायचं, आता तर लांबचं दाखवणारी लेन्स होती.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर भिंगं पुसणाऱ्या माणसाला भिंगातला दोष कळला कसा नाही? त्यानं आत उजेड टाकून बघितलंच नाही. लेन्स मी दिली होती. संशय घ्यायला माणूस थोडा तरी बरोबरीचा लागतो.

तो मलाच विचारायचा. 'सर, माझं काय चुकतंय?'

'हात हलतोय तुझा.'

त्यानं हात स्थिर राहावा म्हणून विटा उचलून कसरत केली.

'सर, आता न्हाय हालत. तरी धुरकटच येतंय. नजरंत काई बिघाड असंल का?'

'चाळिशी कधीच ओलांडलीस याकोब. तपासून घे.'

त्यानं डोळे तपासले. थोडा नंबर निघाला, चष्मा केला. चष्म्याची दांडी कॅमेऱ्याला लागायची आणि तो सारखा ओशाळून ती सावरायचा. फोटो तसेच. मग मी त्याला शिकवायला घेतलं. होय, मी. त्यानं काढलेल्या प्रती तो प्रयोगवहीसारख्या माझ्यासमोर मांडायचा आणि मी त्यांवर लाल पेन्सिलीनं शेरे लिहायचो. 'कोपर अंगाला लाव.' 'घाई नको.' 'लक्ष कुठं आहे?' तो ते शेरे घरी नेऊन पाठ करायचा. मी त्याच्यावर इतकी मेहनत घेतो हे बघून डॉक्टर मला म्हणाले, 'सर, तुमी मनानं लई मोठे. पण सोडा आता. तो एक लांडगा गावला, नशिबानं.'

माझाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती गोड वाटलं, ते मी विसरलेलो नाही.

उन्हाळ्यात कॉलेजला रंग दिला. लांडग्याचा फोटो खाली उतरवला होता, तो परत लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं होतं.

जूननंतर याकोब रविवारी यायचा बंद झाला. 'चर्चचं काम असतं सर,' असं म्हणायचा. एकदा टेबल पुसता पुसता, मी विचारलेलं नसताना म्हणाला, 'देवानं मला एकच फोटो दिलता. मीच हाव धरली.'

श्रावणात एका दुपारी प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लागलेला दिसला. त्या पिवळ्या उजेडात याकोब एकटा बसला होता. समोर स्टँडवर लेन्स लावलेली. कशानं त्याला बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं तिच्यावर तिरपा उजेड टाकला होता.

'सर, हे बगा,' तो हळू आवाजात म्हणाला.

मी वाकून बघितलं. जाळं पसरलं होतं, डिसेंबरात होतं त्याहून मोठं झालं होतं. ही वेळ होती. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. अरे, त्या दुकानदारानं फसवलं, एवढं खोटं बोललो असतो तरी याकोब सुटला असता.

'बुरशी आहे,' मी म्हणालो. 'ओल लागली. तू ठेवतोस कुठं ही?'

'कपाटात. मार्थाच्या साडीत गुंडाळून.'

'तेच. कपडा ओल धरतो. एवढी साधी गोष्ट तुला कळायला नको?'

पिवळ्या उजेडात माणसाच्या चेहऱ्याचा रंग कळत नाही. त्यानं दिवा बंद केला, तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी मार्था माझ्या घरी आली. पदराखाली झाकून तिनं करंज्यांचा डबा आणला होता, सण नसताना. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. 'सर, माज्याच साडीनं घात केला,' ती म्हणाली. 'म्या म्हनलं, मऊ हाय, वरखडा जानार न्हाय. मला काय ठावं. तुमी त्यांच्यावर राग धरू नका.' माझ्या बायकोनं तिला बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, 'असू द्या मार्थाबाई. होतं असं.' त्या आठवड्यात याकोब वर्गणी दिलेल्या प्रत्येकाच्या घरी गेला आणि भेट खराब केल्याबद्दल माफी मागून आला. डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं. जरा चिडलेच होते ते. 'दिलेल्या वस्तूची किंमत ठेवावी मानसानं.'

आता याकोब परंड्याला असतो. संस्थेच्या तिथल्या शाखेत त्यानं बदली मागून घेतली. जाताना जुना कॅमेरा पुसून, पट्टा गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला. डॉक्टर आणि बाकीचे अजून नाताळाला गाडी काढून त्याच्याकडं जेवायला जातात. मी दरवर्षी काहीतरी कारण सांगतो. परत आल्यावर डॉक्टर न चुकता निरोप देतात, 'याकोब तुमची लई चौकशी करत हुता.' यंदाही जातील. यंदाही विचारील. माझे फोटो अलीकडं बरे निघतात. माझ्या बरोबरीचं आता कुणी नाही.

बदलीआधीची एक सकाळ तेवढी सांगायची राहिली.

मार्था येऊन गेल्यावर महिनाभरानं, एका शनिवारी याकोब मला न सांगता लेन्स घेऊन सोलापूरला गेला. बुरशी निघती का ते विचारायला. काळ्या बॅगेत दुकानाचं कार्ड राहिलेलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. सोमवारी पहिल्या तासाच्या आधी मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा त्यानं सगळी टेबलं मांडून ठेवली होती.

'सर, शनिवारी सोलापूरला गेलतो,' तो म्हणाला.

'बरं.'

'त्या चाचांनी लेन्स वळखली. म्हनले, ही तर कॉलेजच्या सरांनी पोरांना बुरशी दाखवायला नेलती. चांगली शेजारीच ठेवलीती म्हनले.'

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. त्यानं हात वर केला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच थांबवलं.

'ऱ्हाऊ द्या सर. म्या कुनाला सांगितलं न्हाय. मार्थालाबी न्हाय, तिला सोसनार न्हाय. मला फकस्त एक इचारायचं हाय.' तो माझ्याकडं बघत नव्हता, टेबलावरच्या भिंगांकडं बघत होता. 'त्याच्या आदीचे माजे फोटो. तो लांडग्याचा, आन बाकीचे. ते खरंच चांगले हुते का? तुमच्याबिगर कुनाला इचारू?'

त्यानं शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. प्राचार्यांकडं गेला असता तर मी नोकरीपुरता घाबरलो असतो. तो यातलं काहीच मागत नव्हता. त्याच्या अंगातल्या ज्या गुणापायी मी चहा पिऊन, विचार करून एवढं सगळं केलं, तो गुण खरोखरच होता का, इतकंच त्याला हवं होतं. हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. ते अक्षर माझ्या जिभेवर होतं. आणि मला दिसलं की ते उच्चारलं की हा माणूस उद्या पहाटे छोटी लेन्स लावून बोरीच्या जाळीमागं जाऊन पालथा पडणार.

'ठीक होते,' मी म्हणालो. 'शिकाऊ माणसाच्या मानानं ठीक होते.'

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, खांदे खाली आले, आणि तो माझ्याकडं बघून चक्क हसला. मला धीर द्यावा तसा.

'मग बरं झालं, सर. म्हंजी माजं लई काई गेलं न्हाय.'

बाहेर घंटा झाली. पोरं ढकलाढकली करत आत आली, आणि मी हजेरी घ्यायला लागलो.